टाकीवरचं आग्या मोहोळ, पपईवरचा पांढरा थर आणि न धरणारं कोहळं

नागपूरच्या बेसा भागातल्या एका ले-आऊटमध्ये राहणाऱ्या ताईंनी बरेच प्रश्न एकत्र विचारले आहेत. पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ लागलंय आणि सोसायटीने पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं ठरवलंय. परसातल्या पपईवर आणि जास्वंदावर कापसासारखा पांढरा थर चढलाय. दुकानदाराने दिलेलं औषध दोनदा मारलं तरी तो वाढतोच आहे. कोहळ्याच्या आणि दोडक्याच्या वेलाला फुलं भरपूर येतात, पण फळ बोटाएवढं होऊन पिवळं पडतं. पक्ष्यांसाठी दाणे ठेवले तर नुसती कबुतरं येतात. शिवाय काटोलकडे भावाचा संत्र्याचा बगीचा आहे, तिथे मधमाश्यांच्या पेट्या विकत घेऊन ठेवाव्यात का, हा शेवटचा प्रश्न.

ताई, आधी मोहोळाचं बोलतो. बाकीच्या गोष्टी आठ-पंधरा दिवस थांबू शकतात, पेस्ट कंट्रोलवाला थांबणार नाही. त्याला तूर्त येऊ नका म्हणून कळवा आणि सोसायटीच्या मंडळींना एवढं नीट समजावून सांगा.

आग्या माशी एका जागी कायमची राहत नाही. पावसाळा सरला की तिचे थवे येतात, उंचावरची मोकळी जागा हेरतात, एकच मोठं पोळं उघड्यावर लावतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी फुलं आटली की पोळं सोडून निघून जातात. पूर्वी ही जागा म्हणजे पिंपळ, वड नाहीतर काटेसावर. नागपुरात रस्ते रुंद होताना आणि इमारती उठताना अशी जुनी झाडं गेली, तेव्हा हीच माशी जलकुंभाखाली, उड्डाणपुलाच्या पोटाशी आणि वरच्या मजल्यांच्या सज्जांवर आली. सध्या मार्च आहे. पळस संपत आलाय, कडूनिंब, करंज, जांभूळ यांचा मोहर सुरू होतोय, म्हणून मोहोळ भरात आहे. मे संपेपर्यंत बहुधा ते आपण होऊन उठेल. दोन-अडीच महिने सांभाळायचं आहे, बस.

दुर्बीण असेल तर लांबून पाच मिनिटं बघा. पोळं असं दिसतच नाही; दिसतो तो माश्यांचा पडदा, एकमेकींना धरून लटकलेल्या हजारो माश्यांचा. एखादी गांधीलमाशी जवळ घोटाळायला लागली की त्या पडद्यावरून चमकती लाट सरसरत जाते. एका ठिकाणच्या माश्या क्षणभर पोट वर उचलतात, लगेच शेजारच्या उचलतात, आणि गांधीलमाशी बिचकून मागे फिरते. एवढ्यावर भागतंय तोवर उडून कोणाच्या अंगावर जायची त्यांना गरज वाटत नाही. त्या खवळतात त्या धुराने, दगडाने, टाकीवर चढून केलेल्या आदळआपटीने आणि पतंगाच्या मांज्याने. संक्रांतीच्या दिवसांत नागपुरात मांज्याने पक्षी कापले जातात हे आपण दरवर्षी बघतो, तोच मांजा पोळ्यातही शिरतो. मधुबाज नावाचा शिकारी पक्षी पोळ्याचा तुकडा तोडून नेतो, त्यानंतरही काही वेळ माश्या भडकलेल्या असतात. अशा वेळी तासभर त्या बाजूला कोणी फिरकू नये, एवढीच खबरदारी पुरते.

विषारी फवारा मारला तर पडद्यातल्या माश्या ढिगाने खाली पडतील. पण चरायला गेलेल्या माश्या संध्याकाळी परत येणारच, त्यांना घर सापडणार नाही, आणि त्या दिव्यांभोवती, खिडक्यांभोवती घोंगावत राहतील. डंखाचे प्रसंग अशा गोंधळातच घडतात. वर राहिलेल्या पोळ्यातला मध विषारी झालेला असतो. तो इतर माश्या लुटून नेतात, मुंग्या खातात, मेलेल्या माश्या पक्षी टिपतात. कधी कधी तो मध बाटलीत भरून विकलाही जातो. इतकं करून पुढच्या हंगामात आग्या माशी पुन्हा तीच जागा धरू शकते, कारण जागा तिला सोयीची आहे.

तोवर टाकी साफ करायचं काम पुढे ढकला. टाकीकडे तोंड केलेला मोठा दिवा रात्री बंद ठेवा, नाहीतर माश्या त्यावर येऊन आपटतात. मुलांना त्या गच्चीवर जाऊ देऊ नका. कोणाला चावल्याच तर हातवारे न करता तोंड झाकून बंद खोलीत शिरायचं, काटा नखाने खरवडून काढायचा. डंख जास्त असतील किंवा श्वास जड वाटला तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना गाठायचा. मोहोळ शाळेच्या खिडकीला किंवा हात पोचेल इतक्या खाली असेल, तर मात्र ते हलवायलाच हवं. त्यासाठी मोहोळ उतरवणारा प्रशिक्षित माणूस बोलवा. मध पोळ्याच्या वरच्या एका कडेला असतो, पिल्लं त्याखाली. जाणकार माणूस अंगभर पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापतो, माश्या मारत नाही. वर्ध्याकडे या पद्धतीचं प्रशिक्षण बरीच वर्षं दिलं जातंय.

आता पपई. तुमच्या फोटोत दोन वेगळे किडे आहेत, दोन्ही पिठ्या ढेकूणच, दोन्ही बाहेरून आलेले. पपईवरचा मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. भारतात तो 2008 मध्ये कोइम्बतूरला सापडला आणि दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रापर्यंत पसरला. काडीने एखादा चिरडलात तर पिवळसर द्रव निघेल. जास्वंदावरच्या किड्याच्या पाठीवर, पांढऱ्या पिठातून, काळसर ठिपक्यांच्या जोड्या दिसतायत. तो कपाशीवरचा पिठ्या ढेकूण. हाही अमेरिकेतला. 2006-07 च्या सुमारास त्याने गुजरात, पंजाब आणि आपल्याकडच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, हाहाकार केला होता.

हा दुसरा किडा तुमच्या जास्वंदापर्यंत कुठून आला असेल? शेजारच्या रिकाम्या प्लॉटकडे बघा. नालीच्या कडेला गाजर गवत असेल. ते गवतही परदेशी. 1950 च्या दशकात पुण्याजवळ त्याची नोंद झाली आणि आता जिथे माती उकरली, मुरूम टाकला, तिथे ते पहिल्यांदा उगवतं. कपाशीवरच्या या किड्याला गाजर गवत फार मानवतं. शेतात कापूस नसतो तेव्हा तो त्यावर तगून राहतो. बांधकामासाठी जमीन उघडी करायची, मग तीन-चार वर्षं प्लॉट तसाच ठेवायचा, ही आपल्या शहराच्या कडेची नेहमीची रीत आहे, आणि बाहेरच्या तणाला व किड्याला ती अगदी सोयीची पडते.

तुम्ही दोनदा औषध मारलंत आणि थर वाढला, यात नवल नाही. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचं पांघरूण असतं, अंडी त्या कापसात गुंडाळलेली असतात, फवारा आत पोचत नाही. पोचतो तो त्याच्या शत्रूंपर्यंत. पपईवरच्या किड्यासाठी 2010 मध्ये प्युर्टो रिकोहून एक मिलिमीटरहूनही लहान गांधील आपल्याकडे आणली गेली, ॲसेरोफॅगस पपाये नावाची. बंगळूरूच्या राष्ट्रीय कृषी उपयुक्त कीटक ब्युरोने ती वाढवून सोडली आणि ती आता आपल्या वातावरणात रुळली आहे. ती किड्याच्या अंगात अंडं घालते, तिची अळी त्याला आतून खाते. कपाशीवरच्या किड्यावर एनॅसियस नावाची तशीच बारीक गांधील आहे, आणि ती तर कोणी मुद्दाम आणावी लागली नाही. थोड्याच काळात हे दोन्ही किडे आटोक्यात आले ते बहुतांशी या दोन गांधिलींमुळे.

म्हणून आता काय करायचं? भिंग घ्या, नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा करा, आणि पानाची खालची बाजू नीट बघा. बहुतेक किडे पांढरे, मऊ दिसतील. त्यांत काही फुगलेले, तपकिरी, टणक, पीठ झडलेले दिसले आणि एखाद्याला गोल भोक दिसलं, तर गांधील कामाला लागली आहे. त्या पानाला हात लावू नका. पांढऱ्या थरात हिरवट-करडी, स्वतःच पीठ फासलेली, चपटी अळीही दिसेल कदाचित. ती एपफ्लाय या आपल्याच फुलपाखराची अळी आहे. पाला न खाता ती पिठ्या ढेकूण खाते, आणि तिचा कोष वरून पाहिला तर हुबेहूब माकडाचं तोंड दिसतं. बाहेरून आलेल्या किड्याला आपलं फुलपाखरू खातंय, हे दृश्य मला दरवेळी थांबवून ठेवतं. अनेक घरांत ही अळी कीड समजून चिरडली जाते, तेवढं टाळा.

ज्या पानांवर असं काही नाही आणि थर जाड आहे, ती पानं तोडून पिशवीत बांधून टाका. बाकीच्या झाडावर पाईपने जोरात पाणी मारा, एक दिवसाआड. मग मुंग्या. पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि गांधिलीला जवळ येऊ देत नाहीत. खोडाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा, आणि पपईची पानं भिंतीला किंवा दुसऱ्या झाडाला टेकणार नाहीत असं बघा. मुंग्या थांबल्या की दोन-तीन आठवड्यांत फरक दिसायला लागतो. मुळाशी ओतायची औषधं दुकानदार देईल, ती घेऊ नका; पपई तुम्ही खाणार आहात, तिच्या फुलांवर माश्या-पतंग येणार आहेत. नालीजवळचं गाजर गवत फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून, उपटा. पहिल्या पावसानंतर त्याच गवतावर दुधी रंगाचे, तपकिरी वेलबुट्टीचे छोटे भुंगेरे दिसतील. ते मारू नका. तो मेक्सिकन भुंगेरा, 1980 च्या दशकात गाजर गवतासाठीच बंगळूरूला आणून सोडलेला. पावसाळ्यात तो पानांची चाळण करतो.

परदेशी म्हणून सरसकट सगळं उपटायच्या मी विरोधात आहे. एकदांडी, जिला आपण कंबरमोडीही म्हणतो, तीही अमेरिकेतलीच. पण कोरड्या दिवसांत रस्त्याच्या कडेला दुसरं काही फुललेलं नसतं तेव्हा बारीक माश्या आणि लहान फुलपाखरं तिच्याच पिवळ्या-पांढऱ्या फुलांवर दिसतात. ती राहू द्या. याउलट कोनोकार्पस. नव्या ले-आऊटच्या कुंपणाला सध्या सर्रास तोच लावतात, कारण तो भराभर वाढतो, हिरवा राहतो आणि गुरं खात नाहीत. गुरं खात नाहीत तसं इथलं फारसं कोणीच त्याचं काही खात नाही. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. तुमच्या कुंपणाला असेल तर एकदम तोडायची घाई नको, पण मधूनमधून दुसरं लावत चला.

कोहळं आणि दोडका यांचं दुखणं वेगळं, आणि तुम्ही ते एकच धरलंय. दोघांनाही नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या खाली इवलंसं फळ आधीच दिसतं. पराग पोचले नाहीत तर तेच पिवळं पडून गळतं, अर्धवट पोचले तर फळ एका बाजूने वाकडं होतं. (वेल लहान असताना पहिले काही दिवस नुसती नर फुलं येतात, ती गळाली तर काळजी करू नका.) पण कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, त्यावर येतात त्या मधमाश्या. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, लवकीचं, म्हणजे दुधी भोपळ्याचं, पांढरं फूलही संध्याकाळीच. त्यांच्याकडे येतात ते मुख्यतः पतंग. म्हणून कोहळं धरत नसेल तर सकाळी बघा: साडेसहा-सातला फुलाजवळ दहा मिनिटं बसा आणि कोण येतं ते नोंदवा. दोडका धरत नसेल तर संध्याकाळी सहा-सातला बसा. वेलावर रात्रभर पांढरा झगझगीत दिवा पडत असेल, किंवा डासांसाठी धुराची गाडी नेमकी त्याच वेळी फिरत असेल, तर पतंग येणार कुठून? धूर मारून डास तात्पुरते कमी होतात, कुंड्या-टायरांतलं पाणी फेकल्याने जास्त काळ कमी होतात. डेंग्यूचा उद्रेक असेल तेव्हा धुराला इलाज नाही, एरवी सोसायटीने तो दर आठवड्याला मागवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर हाताने परागीकरण करा. नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या, मधला परागांचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने फिरवायचा. कोहळ्याला सकाळी आठच्या आत, दोडक्याला दिवेलागणीला. दुपारी केलंत तर वाया.

इथे एक गोष्ट अजून सांगायला हवी, कारण मधमाशी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पोळं येतं. आपल्याकडच्या बहुसंख्य जातींच्या माश्या पोळं बांधतच नाहीत, एकेकट्या राहतात. तुमच्या वांग्याच्या फुलावर बघा. त्यातल्या पिवळ्या परागकोशांना फक्त टोकाशी बारीक भोक असतं. साधी मधमाशी त्यावर बसून हात हलवत परत जाते. पण सुतार भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी येते, परागकोशाला मिठी मारते आणि पंख न हलवता अंग थरथरवते. तो ‘झूंऽऽ’ असा आखूड, तीक्ष्ण आवाज दोन हातांवरून ऐकू येतो, आणि पराग धुरळ्यासारखे तिच्या पोटावर उडतात. टमाटरालाही, पावसाळ्यातल्या तरोट्यालाही (टाकळ्यालाही) हाच उपाय लागू पडतो. आता या माश्या राहतात कुठे? सुतार भुंगा वाळक्या लाकडात आणि बांबूत. निळ्या पट्ट्यांची माशी मातीच्या भिंतीत आणि उघड्या जमिनीत. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतींवर पेन्सिल जाईल एवढी भोकं दिसत, त्यांत अशाच माश्या असत. आपण अंगणाला टाइल्स लावल्या, झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं, रस्त्याच्या दोन्ही कडांना पेव्हर बसवले. फुलं राहिली, बाळंतपणाची जागा गेली. तुमच्या ले-आऊटला फुलं कमी आहेत त्यापेक्षा मोकळी, न खणलेली, न भिजवलेली माती कमी आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. परसाचा एक उन्हाचा कोपरा तसाच सोडा. वीतभर लांबीच्या बांबूच्या नळ्या, एका बाजूने बंद, जुडी बांधून पावसापासून आडोशाला टांगा.

पक्ष्यांचा प्रश्नही याच मातीशी येऊन मिळतो. वेडा राघू मातीच्या उतारात, वाळूच्या ढिगात लांब बोगदा करून अंडी घालतो, आणि त्याचा हंगाम आताच आहे, जूनपर्यंत. रिकाम्या प्लॉटवर मुरुमाचे ढीग असतील आणि त्यांत मूठभर आकाराची भोकं दिसत असतील, तर बिल्डरला गाठून तेवढे ढीग पावसापर्यंत सपाट करू नका म्हणून सांगून बघा. तो मधमाश्या खातो हे खरं, पण गांधीलमाश्या, चतुर, माश्या, भुंगेरेही खातो. टाकीवरच्या मोहोळात हजारो माश्या आहेत, राघूंच्या जोडीने त्यांचं काही बिघडत नाही.

दाण्यांवर कबुतरं येतात कारण कबूतर आपल्या पिल्लांना दाण्यावर वाढवू शकतं. अन्ननलिकेतल्या पिशवीत ते दुधासारखा पदार्थ तयार करतं. चिमणीला ते जमत नाही. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना पहिले दिवस अळ्या आणि किडेच लागतात. शिंजीर मध पितो, त्याचीही पिल्लं कोळी आणि किडे खाऊन वाढतात. शिंपी, बुलबुल, सातभाई, सगळ्यांचं तेच. ज्या बागेत महिन्याला फवारणी होते तिथे दाण्यांची ताटली कितीही भरा, पिल्लं वाढणार नाहीत. दाणे बंद करा, पाणी ठेवा. नागपूरचं ऊन 45 अंशांवर जातं तेव्हा उथळ मातीच्या भांड्यातलं पाणी फार मोलाचं असतं. त्यात दोन-तीन दगड ठेवा म्हणजे माश्याही बुडणार नाहीत. कढीपत्ता, तुळस, अडुळसा, शेवगा, निर्गुडी, जागा असेल तर बोर, कुंपणापलीकडे पळस. वर्षाचा कुठला महिना पूर्ण बिनफुलाचा जातो ते बघून झाडं निवडा. आपल्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल फुलांची चंगळ असते. पळस आणि काटेसावरीवर मध्य आशियातून आलेल्या पळस मैनांचे थवे कपाळाला पराग माखून भांडत असतात, एप्रिलमध्ये त्या निघून जातात. खरी टंचाई मे अखेर ते पहिला पाऊस आणि पुन्हा हिवाळ्याच्या सुरुवातीला असते. बोर पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलतं, अडुळसा हिवाळ्यात, आणि रुई जवळजवळ वर्षभर. प्लॉटवरची रुई कोणी लावत नाही, पण सुतार भुंग्यांचा तिच्यावर फार जीव.

भावाच्या बगीच्याबद्दल. नागपुरी संत्र्याचं फूल स्वतःच्या परागावरही धरतं. माश्या आल्या तर फळधारणेला मदत होते, पण पेट्या नाहीत म्हणून बगीचा ओस पडला असं होत नाही. विकत मिळतात त्या बहुतेक मेलिफेरा माशीच्या पेट्या. ही युरोपीय माशी, 1960 च्या दशकात पंजाबात आपल्याकडे रुजवली गेली. तिला वर्षभर फुलोऱ्यामागे हलवावं लागतं, टंचाईत साखरेचा पाक द्यावा लागतो, उन्हाळ्यात सावली आणि पाणी लागतं. ज्याचा तो व्यवसाय आहे त्याने करावा. भावाने मोहरापुरत्या एखाद्या मधपाळाच्या पेट्या भाड्याने आणल्या तर हरकत नाही, विकत घेऊ नयेत.

त्याआधी फवारणीचं वेळापत्रक सुधारा. आंबिया बहार फेब्रुवारीत फुलतो, मृग बहार जून-जुलैत, आणि दोन्ही वेळा नवती (कोवळी पालवी) व फूल बरोबरच येतात. नवतीवर सायला किडा येतो, त्याच्यासाठी इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी औषधं मारली जातात, आणि ती मधमाश्यांना अत्यंत घातक आहेत. सायलाकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणणार नाही, तो ग्रीनिंग रोग पसरवतो. पण फवारणी कळ्या उमलायच्या आधी संपवायची, नाहीतर पाकळ्या गळून गेल्यावर करायची. मधे अगदीच नाइलाज झाला तर अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन कुठलं औषध आणि किती ते विचारावं, आणि माश्या घरी गेल्यावर, सूर्य मावळल्यानंतर मारावं. 2020 च्या मे महिन्यात काटोल-कळमेश्वर भागात टोळधाड उतरली तेव्हा झाडांवर तातडीने फवारणी करावी लागली. तशी आणीबाणी वेगळी. दर आठवड्याला ‘काही नाही तर टॉनिक म्हणून’ दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारायची सवय मात्र सोडायला हवी. तिचा पहिला फटका मारणाऱ्या माणसाला बसतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपल्यापासून फार लांब नाही.

बगीच्याशेजारी तूर किंवा हरभरा असेल तर त्यात एकरी आठ-दहा पक्षी थांबे उभे करा, बांबूला आडवी काडी बांधून. कोतवाल आणि साळुंक्या त्यावर बसून घाटे अळी टिपतात. मक्यावर आलेल्या अमेरिकन लष्करी अळीलाही ते सोडत नाहीत. 2018 मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा सापडलेली ही अळी ओळखायची खूण म्हणजे डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके. कणसं भरायला लागली की थांबे काढून घ्या, नाहीतर पक्षी दाण्यावर बसतील.

धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, झाडं तोडू नका, हे भावाला आवर्जून सांगा. हिवर, बोर, खैर, करंज, निंब, त्यांच्याखालची झुडपं, हीच माश्यांची आणि पक्ष्यांची वस्ती. फक्त एक अपवाद संत्र्याच्या बागेत लक्षात ठेवावा लागतो. पिकत आलेल्या फळाला रात्री सोंड खुपसून रस पिणारा मोठा पतंग तुमच्या भावाला माहीत असणार. टोचलेलं फळ चार दिवसांत गळतं. त्याची अळी संत्र्यावर वाढत नाही, ती धुऱ्यावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते. तेव्हा कुंपण ठेवा, पण पावसाळ्यात एकदा फिरून बगीच्यालगतच्या या दोन वेली मुळासकट काढा. गुळवेल औषधी आहे म्हणून घरी लागत असेल, तर ती बेशाला तुमच्या परसात लावा. तिथे संत्री नाहीत.